विहिरीतले पाच पाव

माझी सगळी नोकरी साठ मुलींच्या डोक्यातल्या उवा काढण्यात गेली, हे आधीच सांगून टाकते. नाताळ अंकासाठी 'सेवेतले अनुभव' मागायला दोन तरुण मुलं घरी आली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत फार मोठ्या अपेक्षा दिसल्या. मी किती जीवांना उजेडात आणलं, वगैरे. मी म्हटलं, "बाळांनो, मी उजेडात आणलं ते फक्त उवांना. दर शनिवारी, उन्हात बसवून." दोघं हसली, पण वह्या काही मिटेनात. तेव्हा लिहायला बसले.

मी मेट्रन होते. सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या अलीकडे मिशनची मुलींची शाळा होती आणि तिला लागून बोर्डिंग. शाळेत शिकवायचं ते बाईंनी. शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंतचं सगळं मेट्रनने. म्हणजे खरूज, ताप, रुसवे, हरवलेल्या रिबिनी, करपलेली आमटी आणि घरची आठवण येऊन पोटात दुखणं. या शेवटच्या दुखण्याला मी ओवा द्यायचे. गुण ओव्याचा यायचा की जवळ बसण्याचा, ते देवाला ठाऊक. मुली मला मार्थामावशी म्हणत. आमच्या धर्मकथेतली मार्था प्रभू घरी आले तरी चुलीपाशीच राबत राहिली, म्हणून तिला बोलणी खावी लागली. आईबापांनी माझं नाव ठेवताना पुढचं सगळं पाहिलं असावं.

बोर्डिंगमध्ये जेवणाआधी प्रार्थना असे. पाळीपाळीने एकेका मुलीने करायची आणि तिचं 'आमेन' होईपर्यंत कुणी घासाला हात लावायचा नाही. यात आमची अडचण होती ती सलोमी. दहा वर्षांची, काडीसारखी पोर. वडील खेडोपाडी फिरणारे उपदेशक. बापाचा गळा तिने बरोबर उचलला होता. ती डोळे मिटून सुरू झाली की आधी बादशहा, मग लढाईवरचे शिपाई, मग आमच्या मिसबाईंची साता समुद्रापलीकडची म्हातारी आई, मग गाडीच्या बैलाचा सुजलेला खूर, मग माझा गुडघा. पिठल्यावर साय धरायची. मी मिसबाईंकडे तक्रार नेली. मिसबाई म्हणजे शाळेच्या मुख्य. गोऱ्या, उंच, मराठी अगदी शुद्ध बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मार्थाबाई, प्रार्थनेला घड्याळ लावता येत नाही." मग मी माझ्या अधिकारात सलोमीची पाळी बुधवारवर टाकली. बुधवारी भाकरी आणि ठेचा असायचा. ठेचा आणखी किती गार होणार?

संध्याकाळची प्रार्थना मात्र मोकळी असे. प्रार्थनेच्या हॉलमध्ये सगळ्या जमिनीवर बसायच्या आणि जिला जे वाटेल ते तिने देवाशी मोठ्याने बोलायचं. काही चुकलं असेल तर तेही सांगून टाकायचं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण बोर्डिंगमधल्या निम्म्या गूळचोऱ्यांचा छडा मला या प्रार्थनेतच लागला. बोललेलं देवाशी असल्यामुळे शिक्षा करता येत नसे, एवढीच पंचाईत.

आता तारा. ही काही ख्रिस्ती नव्हती. कोरेगाव भागातल्या चांगल्या ऊसवाल्या मराठा घरातली, नऊ वर्षांची. आई नव्हती. वडील पलटणीत हवालदार. लढाई जोरात होती आणि आमच्याकडच्या घराघरातला एकेक गडी लामावर, म्हणजे आघाडीवर, गेलेला होता. रजेवर आले तेव्हा हवालदारांनी स्वतः ताराला आणून आमच्याकडे सोडलं. मिसबाईंना सलाम ठोकून म्हणाले, "मला ल्ह्यायला येत न्हाई. घरनं पत्र येतं ते गावच्या तलाठ्याच्या हातचं. त्यात माझ्या घरचं कायबी नसतं बगा. माज्या पोरीच्या हातचं एक पत्र मला लामावर यावं, एवढीच इच्छा हाय." अशा पंधरा-वीस मुली तेव्हा आमच्याकडे होत्या. तारा आल्या दिवसापासून पाटीला चिकटली. दोन महिन्यांत मुळाक्षरं झाली, काना-मात्रा झाल्या. जोडाक्षरं राहिली होती. ती आली की बाबांना पत्र, असं तिच्या बाईंनी कबूल केलं होतं.

आणि एका मंगळवारी फाटकाशी बैलगाडी थांबली. गाडीतून आधी एक पिठाचं गाठोडं उतरलं, मग एक तांब्याची घागर, मग एक दोर, आणि शेवटी ताराची आत्या. हवालदारांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तेव्हापासून ते घर, ती शेती, ते गडी, सगळं तिच्या एका भुवईवर चालणारं.

"पोरगी न्ह्याला आलीया," तिने मला सांगितलं. "भावानं घातली, पर भाऊ हाय लामावर. हितं ती बाटली तर गावाला जबाब मला द्यायचा हाय."

मिसबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "न्यायची तर अवश्य न्या. पण आधी आठ दिवस इथे राहून बघा. आम्ही काय शिकवतो, काय खायला घालतो, काही लपवत नाही. त्यात एक जरी गोष्ट वावगी दिसली, तर मी स्वतः ताराला गाडीत बसवीन."

आत्याबाईंनी मिसबाईंना नखशिखान्त न्याहाळलं. "ऱ्हाते," म्हणाल्या. "पर चूल माझी, पीठ माजं." आव्हान दिलं तर माघार घेणाऱ्यातली ती बाई नव्हती.

फाटकाजवळची खोली दिली. तीन दगडांची चूल झाली. मग प्रश्न आला पाण्याचा.

"ही हीर कुनाची?"

"शाळेची," मी म्हटलं.

"पानी कोन कोन भरतं हितं?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हंजे?"

"सगळ्या म्हणजे सगळ्या," मी म्हटलं आणि पदर खोचायच्या निमित्ताने तोंड फिरवलं. आमच्या निम्म्याअधिक मुली गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या होत्या. मीही तिथलीच. माझे वडील सांगलीजवळच्या एका खेड्यात लहानपणी मडकं घेऊन विहिरीपासून वीस पावलं लांब उभे राहायचे. कुणाला दया येऊन वरून पाणी ओतलं तर भरायचं. पुढे ते ख्रिस्ती झाले, शिकले, मास्तर झाले, पण म्हातारपणीही विहिरीजवळ गेले की पाय आपोआप वीस पावलं मागे थांबायचे. हे मी आत्याबाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

त्यांनीही पुढे विचारलं नाही. घागर डोक्यावर घेतली आणि अर्ध्या मैलावरच्या ओढ्यावर गेल्या. तीन दिवस गेल्या. चौथ्या दिवशी त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याच्या बरोबरीला आला. मग त्यांनी तोड काढली.

"रातभर झऱ्यातनं नवं पानी येतं," मला म्हणाल्या. "पाटंचं पयलं पानी म्हंजे अजून कुनी शिवल्यालं नसतंय. ते मी भरीन. माज्या दोरानं, माज्या घागरीनं." मी म्हटलं, अगदी बरोबर. नवं पाणी रात्री जुन्या पाण्यात मिसळू नये म्हणून वेगळं कुठे थांबून राहतं, हे मी विचारलं नाही. माणूस स्वतःच्या पायाने चार पावलं पुढे येत असला की त्याच्याशी वाद घालू नये.

मधल्या वेळात बोर्डिंग त्यांच्या ताब्यात गेलं. आमच्या आमटीत बघून त्या म्हणाल्या, "ह्यात डाळ बुडाली व्हय? का नुस्तीच तोंड धुऊन गेली?" स्वयंपाकीण दोन दिवस फुगून बसली, पण आमटी दाट झाली. उवांच्या बाबतीत तर मी त्यांच्यापुढे कुणीच नव्हते. नुसत्या नखांनी त्या अशा झपाट्याने काढत की मुली रांगा लावून बसायच्या. शिवाशिवीचं काय, असं मी एकदा भीतभीत विचारलं. "केसास्नी इटाळ नसतोय," त्यांनी सांगितलं. असा काही नियम आहे का मला माहीत नाही; त्यांनी तो तिथेच केला असावा.

संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी त्या हॉलच्या बाहेरच्या पायरीवर बसत, आमच्याकडे पाठ करून. पाठ आमच्याकडे, पण कान आत. आत कुणी काही बाटवाबाटवी करतंय का, याची ती राखण होती.

असा शनिवार आला. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाची उपासना होती. आमच्यात त्या दिवशी मंडळी पावाचा तुकडा मोडून खातात. प्रभूची आठवण म्हणून. लढाईमुळे गव्हाचं पीठ मिळेनासं झालं होतं. मिसबाईंनी महिनाभर स्वतःच्या ताटातलं राखून पीठ साठवलं आणि त्यांच्या बंगल्यामागच्या भट्टीत पाच पाव भाजले. ते देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नेऊन ठेवायचं काम माझं. भर दुपारची वेळ. टोपली घेऊन निघाले, विहिरीपाशी आले आणि चपलेत खडा गेला. मार्थाने टोपली विहिरीच्या कठड्यावर ठेवली. शहाण्या माणसाने जमिनीवर ठेवली असती. एवढ्यात वरून एक घार सुटली, मी "हाड्!" करून हात उडवला आणि कोपर टोपलीला लागलं.

पाचही पाव विहिरीत.

विहिरीत पाव म्हणजे काय, हे आमच्या मुलखात कुणाला सांगावं लागत नाही. रात्रीतून विहिरीत पाव टाकायचा, सकाळी गाव पाणी पिणार, आणि पाणी प्यालं की गाव बाटलं. उठून कितीही नाही म्हटलं तरी बाटलंच! ही गोष्ट लहानपणी ऐकली नाही असं एक घर दाखवा. आणि ज्या बाई आमच्याकडून नेमकं असलंच काही व्हायची वाट बघत आल्या होत्या, त्यांच्या मुक्कामात, मिशनच्या मेट्रनने, मिशनच्या विहिरीत, एक नाही, पाच!

विहिरीवर सात-आठ मुली कपडे धुवत होत्या. त्यांत सलोमी आणि तारा. तारा माझ्याजवळ आली.

"मावशी, आता आत्या मला न्हेनार. माजी जोडाक्षरं ऱ्हायली की वं."

मी बादली सोडून दोन पाव वर काढले. ते पाव राहिले नव्हते, कापूस झाला होता. बाकीच्या तिघांवर मासे तुटून पडले होते. प्रभूने पाच भाकरी आणि दोन माशांत पाच हजार माणसं जेवू घातली. मी पाच पावांत मासे जेवू घातले.

"कुणी कुणाला सांगायचं नाही," मी मुलींना बजावलं.

सलोमीने विचारलं, "मावशी, हे खोटं बोलणं झालं का?"

"नाही. हे गप्प बसणं झालं."

"फरक काय असतो?"

"सोमवारी सांगते," मी म्हटलं.

यापुढचं लिहायला हात जड होतो. आत्याबाई पहाटेचं पाणी तेवढंच भरत. म्हणजे रविवार पहाटेपर्यंत मला सवड होती, असा माझा अंदाज. पण त्या दिवशी त्यांनी सहा मुलींना शिकेकाईने न्हाऊ घातलं आणि घागर रिकामी झाली. ऊन उतरल्यावर त्या दोर घेऊन आल्या. मी समोर उभी होते. "सकाळपास्नं झऱ्यातनं जरा नवं पानी आलं असंल," म्हणाल्या आणि घागर सोडली. मला तोंड उघडता आलं असतं. "आत्याबाई, थांबा," एवढंच. मी उघडलं नाही. त्यांनी पाणी नेलं, आमटी केली, जेवल्या. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या आणि बहुतेक विसरले. ही विसरले नाही. पाव पडले तो अपघात होता. गप्प राहिले, ती मी होते.

संध्याकाळी मोकळी प्रार्थना सुरू झाली. आत्याबाई पायरीवर, पाठ करून. दोघी-तिघींचं झालं. मग सलोमी उभी राहिली. बादशहा नाही, बैल नाही. ती थेट मुद्द्यावर आली.

"हे प्रभू, आज मार्थामावशीच्या हातून तुझे पाच पाव विहिरीत पडले. तिला क्षमा कर. तिने आम्हांला गप्प बसायला सांगितलं, त्याचीही कर. माशांचं पोट दुखू देऊ नको. आणि बाहेर बसलेल्या ताराच्या आत्याने त्याच पाण्याची आमटी करून खाल्ली आहे, ती त्यांना बाधू देऊ नको. आमेन."

तिच्या जन्मातली ती सर्वांत आखूड प्रार्थना. साठ मुलींनी आमेनच्या आधीच डोळे उघडले. पायरीवरची पाठ हलली. आत्याबाई उठल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मिसबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सकाळी त्यांच्याकडे जा. आणि ताराचे कपडे बांधून ठेवा. मी शब्द दिला आहे." मी ताराचं गाठोडं बांधलं. पाटी आत ठेवायला गेले तर ती तिने घट्ट धरून ठेवली होती.

रविवारी उजाडताना गेले, तर आत्याबाई विहिरीच्या कठड्यावर बसून आत बघत होत्या. मी समोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. पावाचं, गप्प बसण्याचं, आणि एकदाचं तेही, की मी कुठल्या वस्तीतली आहे आणि माझे वडील विहिरीपासून किती लांब उभे राहायचे.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "रातभर बगितलं मी."

"काय?"

"बाटली का न्हाई ते. काय तरी व्हाया पायजे का नगं? ज्योतिबाचं नाव घिऊन बगितलं. आलं की तोंडातनं! जात्यावरच्या ओव्या म्हनून बगितल्या. एक बी इसरली न्हाई. पोटात बी दुकंना. उलट आमटी ब्येस झाली हुती."



"आत्याबाई, ताराचं गाठोडं बांधून ठेवलंय," मी म्हटलं.

"सोडा ते!" त्या एकदम डाफरल्या. "न्हेऊ कशी तिला? गावात कारन सांगाय पायजे. हिरीत पाव पडला म्हनून सांगितलं, की पयलं इचारत्याल, आत्याबाई, तुमी कुठलं पानी पीत हुता? तारीबरूबर मला बी वाळीत टाकत्याल. त्यापरास पोरगी शिकू द्या, आन् तुमी गप ऱ्हावा. तुमास्नी गप ऱ्हायाला झ्याक जमतंय."

हा टोला मी मुकाट्याने खाल्ला. मग त्यांचा आवाज उतरला. "आन् खरं सांगू? काल तारी मला पाटी दावाय आली. त्यावर माजं नाव हुतं. म्हनली, आत्या, ही तू हायस. मी म्हनलं, एवडीशी? माजा भाव तिकडं मरनाच्या दारात बसलाय. त्याला पोरीच्या हातचं पत्र मिळू नये, एवडी काय मी कसाई न्हाई."

तिकडे देवळात प्रभुभोजनाला पावच नव्हता. मिसबाईंनी शेवटी ज्वारीची भाकरी ठेवली. त्यांना फार अवघड गेलं ते, पण खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांनी तुकडा तोंडात घातला आणि एक जण बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बाई, इतकी वर्सं कळत नव्हतं, आज वळखीचं लागलं." पुढे पीठ मिळायला लागलं तरी मंडळीत भाकरीच हवी म्हणून दोन सभा झाल्या. ते भांडण मी इथे उकरत नाही.

सलोमीला सोमवारी मी फरक सांगणार होते. तिला बोलावलं आणि म्हटलं, "काही फरक नसतो." ती "बरं" म्हणून खेळायला गेली.

मंगळवारी आत्याबाईंची गाडी जुंपली. सगळ्या मुली फाटकाशी. तारा पाटी घेऊन पुढे. कारण जोडाक्षरं रविवारी सुरू झाली होती आणि सुट्टीच्या दिवशी शिकवायचं नाही हा मिसबाईंचा नियम त्यांनी स्वतःच मोडला होता. पुढे तिने पत्र लिहिलं. ते लामावर पोचलं, आणि हवालदार परत आले तेव्हा त्यांच्या खिशात चुरगळलेलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

गाडीत पाय ठेवता ठेवता आत्याबाई थांबल्या. घागर आणि दोर गाडीवानाने आधीच बांधून टाकला होता.

"तान लागलीया," त्या म्हणाल्या. "मार्थाबाई, वाईच पानी वाडा."

गाडीवान त्यांच्या गावचा होता. तो बघत होता. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, माझ्या हातचं?"

"मग कुनाच्या? माजा गुडगा दुकतोय. पयल्या दिवशी तुमी 'सगळ्या' म्हनलासा, तवाच मला सगळं समजलं हुतं. येडी न्हाई मी."

मी बोर्डिंगच्या माठातून तांब्या भरून आणला. आत्याबाई गाडीच्या जुवाजवळ खाली बसल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. पहिलं पाणी मी त्यांच्या मनगटावरच सांडलं. आमच्या घराण्यात ओंजळ पुढे करायचं सगळ्यांना माहीत होतं. वरून पाणी ओतायचं कुणालाच नव्हतं. वडील असते तर बघायला बोलावलं असतं.

पोटभर प्याल्या. पदराने तोंड पुसलं. गाडीवानाकडे एकदा रोखून पाहिलं; त्याने बैलांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून, जरा नाराजीनेच म्हणाल्या,

"पानी ग्वाड हाय. पर पावाचा वास कायबी येत न्हाई वं."